ग्वाकामोलेत द्राक्षं आणि डाळिंब : मेक्सिकोचा खर्डा, आपली फळं



बाल आनंद मेळाव्याचे दिवस आले की 'गॅस न वापरता करायचे पदार्थ' हा विषय आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतो. भेळ, ताक, काकडीची कोशिंबीर, लिंबू सरबत हे दरवर्षीचंच. पण आता मुलं मोबाईलवर जगभरचे पदार्थ बघतात आणि वर्गात येऊन विचारतात, "सर, आपण ग्वाकामोले करायचं का?" आणि तासगाव-पलूसकडचं पोर असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला : "त्यात द्राक्षं घातली तर चालतील का?" आटपाडीचं असेल तर डाळिंब, पाचगणी-महाबळेश्वरचं असेल तर स्ट्रॉबेरी.

या प्रश्नावर "नाही, तो पदार्थ तसा नसतो" असं उत्तर देऊन आपण मोकळे होऊ शकतो. पण ते उत्तर चूक आहे. खुद्द मेक्सिकोत ग्वाकामोलेत द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे घालतात. शिवाय या एका वाटीभर पदार्थात भूगोल, इतिहास, विज्ञान आणि भाषा असं बरंच काही भरलेलं आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. वर्गात घ्यायचं की घरी करून बघायचं, ते तुम्ही ठरवा.

हा पदार्थ म्हणजे नेमकं काय?

ॲव्होकॅडो हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचं फळ. कर्नाटकात कोडगूकडे ते पिकतं आणि तिथे त्याला 'बटर फ्रूट' म्हणतात. बेंगळुरूला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनी त्याचा ज्यूस प्यालेला असतो. मराठीत काही जण लोणीफळ म्हणतात. गर खरोखरच लोण्यासारखा मऊ असतो, गोड नसतो, आंबटही नसतो. हे झाड दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातलं आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही.

स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत नाहुआत्ल भाषा बोलणारे अझ्टेक लोक राहत होते. त्यांच्या भाषेत या फळाला 'आवाकात्ल' आणि वाटलेल्या कालवणाला, चटणीला 'मोल्ली' म्हणत. दोन्ही मिळून 'आवाकामोल्ली', आणि स्पॅनिश तोंडात बसता बसता त्याचं झालं ग्वाकामोले. म्हणजे शब्दशः 'ॲव्होकॅडोची चटणी'. नाहुआत्ल भाषेतले आणखी शब्द आपण रोज वापरतो : टोमॅटो, चॉकलेट, चिकू. भाषेच्या तासाला ही चार-पाच शब्दांची यादी फळ्यावर लिहून बघा.

पदार्थ करायची रीत तर आपल्या घरची वाटावी अशीच आहे. मेक्सिकोत दगडाचा तीन पायांचा खोलगट खल असतो, त्याला 'मोल्काहेते' म्हणतात. तो ज्वालामुखीच्या खडकाचा, म्हणजे बसाल्टचा असतो. आपला पाटा-वरवंटा कशाचा असतो? त्याच जातीच्या काळ्या दगडाचा. सातारा जिल्ह्यातले सगळे डोंगर याच खडकाचे. आधी त्या खलात हिरवी मिरची, कांदा, कोथिंबीर आणि मीठ रगडायचं, मग ॲव्होकॅडोचा गर घालून भरडसर कालवायचा, वरून लिंबू पिळायचं. आपण तव्यावर मिरची-लसूण भाजून तांब्याच्या बुडानं खर्डा रगडतो, त्याचाच हा चुलतभाऊ. फक्त खर्ड्यात तेल आणि शेंगदाण्यातून जो स्निग्धपणा येतो, तो इथे फळाच्या गरातूनच येतो.

मिक्सरमधून गुळगुळीत पेस्ट करू नका. खर्डा मिक्सरमधून काढला तर आपली आजी काय म्हणेल, तेच इथे लागू आहे.

'पारंपरिक' म्हणजे कोणाच्या परंपरेतलं?

आता वर सांगितलेल्या जिनसांकडे परत बघा. ॲव्होकॅडो, मिरची, टोमॅटो हे अमेरिका खंडातले. पण कांदा? तो आशियातून आला. कोथिंबीर? भूमध्य समुद्राच्या आसपासची. लिंबू तर आपल्याच आशियातलं. या तिन्ही गोष्टी स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणि त्यानंतर मेक्सिकोत नेल्या. म्हणजे अझ्टेकांच्या ग्वाकामोलेत आजच्या 'अस्सल' ग्वाकामोलेतल्या निम्म्या वस्तू नव्हत्याच. गंमत म्हणजे मेक्सिकोत जे बारीक, पातळ सालीचं लिंबू वापरतात, ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं.

आणि उलट बाजूनं बघितलं तर? आपल्या खर्ड्यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणासाठी मिरी, आलं, पिंपळी होती. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. मका, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ, पपई, चिकू, सगळे तिकडचे पाहुणे. मिरची आणि शेंगदाणा काढून टाकला तर सातारी खर्ड्यात लसूण आणि मीठच उरतं!

वर्गात यासाठी जगाचा नकाशा आणि लोकर पुरते. प्रत्येक जिन्नस जिथून आला तिथून जिथे गेला तिथपर्यंत लोकर ताणायची. पाचवीच्या वरच्या मुलांना हा तास फार आवडतो, आणि 'आपलं' आणि 'परकं' या शब्दांवर मुलं आपसांत जी चर्चा करतात ती ऐकण्यासारखी असते. शिक्षकानं मध्ये न बोललेलं बरं.

असे वाद मोठ्यांतही होतात. जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ग्वाकामोलेत हिरवे वाटाणे घालायला सुचवलं, तेव्हा अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की खुद्द अध्यक्ष बराक ओबामांनी ट्विटरवर वाटाण्याला विरोध नोंदवला. कांदा, लसूण, तिखट मिरची एवढंच हवं, असं त्यांचं म्हणणं. आता मेक्सिकोतल्या बऱ्याच घरांत लसूण मुळी घालतच नाहीत, ही गोष्ट वेगळी.

फळं घातलेलं ग्वाकामोले कुठलं?

मध्य मेक्सिकोत ग्वानाह्वातो नावाचं राज्य आहे. तिथे कोमोनफोर्त नावाचं गाव आहे, त्याचं जुनं नाव चामाकुएरो. हे गाव मोल्काहेते, म्हणजे दगडी खल घडवण्यासाठी प्रसिद्ध आहे. या गावाच्या नावानं ओळखलं जाणारं 'ग्वाकामोले चामाकुएरो' म्हणजे ॲव्होकॅडोच्या गरात पीच, द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे घातलेलं ग्वाकामोले. मेक्सिकोच्या गावोगावच्या पाककृती गोळा करण्यात आयुष्य घालवलेल्या डायना केनेडी (१९२३–२०२२) यांच्या लेखनामुळे ते बाहेरच्या जगालाही माहीत झालं. डाळिंब, द्राक्ष आणि पीच ही तिन्ही फळं स्पॅनिश लोकांनीच तिथे नेलेली. त्या भागात त्यांच्या बागा झाल्या, आणि बागेत जे पिकलं ते ताटात आलं. एवढं साधं कारण आहे.

मेक्सिकोत डाळिंबाचा आणखी एक मान आहे. पुएब्ला शहराचा 'चिलेस एन नोगादा' हा पदार्थ त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या, म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास करतात. हिरवी भरली मिरची, वर अक्रोडाचं पांढरं वाटण आणि त्यावर लाल डाळिंबाचे दाणे : त्यांच्या झेंड्याचे तीन रंग. आपण पंधरा ऑगस्टला तिरंगी ढोकळा करतो, तसंच म्हणा.

आता आपल्या दोन जिल्ह्यांकडे या. द्राक्षं म्हटलं की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ. 'तास-ए-गणेश' ही द्राक्षाची जात तर तासगाव तालुक्यातच जन्मली. थॉमसन सीडलेस या बाहेरून आलेल्या जातीच्या वेलींतून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी ती निवडली. नावातला 'तास' हा तासगावचाच. डाळिंब म्हटलं की आटपाडी, जत, आणि साताऱ्यातला माण-खटावचा दुष्काळी पट्टा. स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भिलारसारख्या गावात एका बाजूला स्ट्रॉबेरीची वाफे आणि दुसऱ्या बाजूला घराघरांत पुस्तकं आहेत, कारण २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालं आहे. सहल काढायची असेल तर त्यासारखी जागा नाही.

थोडं विषयांतर करतो. स्ट्रॉबेरीला आपण 'इंग्रजांनी आणलेलं फळ' म्हणतो. पण आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी अठराव्या शतकात युरोपात दोन जातींच्या संकरातून झाली, आणि त्या दोन्ही जाती अमेरिका खंडातल्या होत्या : एक उत्तर अमेरिकेतली, दुसरी चिलीची. म्हणजे ॲव्होकॅडोशी तिचं खंडभावाचं नातं आहे!

म्हणून सांगतो, चामाकुएरोच्या लोकांनी जे केलं तेच सांगली-साताऱ्याच्या मुलानं केलं तर त्यात नक्कल काही नाही. आणि आपल्याला तरी हे कुठे नवीन आहे? दहीभातात द्राक्षं आणि डाळिंबाचे दाणे आपण घालतोच. पेरूची कोशिंबीर करतो. कोकण-गोव्याकडे आंबा-अननसाचं सासव करतात, त्यात ओलं खोबरं, मोहरी, मिरची आणि गोड फळ एकत्र असतं. स्निग्ध, आंबट, तिखट अशा वाटणात गोड फळ घालायची आपली जुनीच सवय आहे.

कोणतं फळ चांगलं लागतं, आणि का

१०० ग्रॅम ॲव्होकॅडोच्या गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतो आणि साखर १ ग्रॅमसुद्धा नसते. तेवढ्याच द्राक्षांत १५-१६ ग्रॅम साखर असते आणि स्निग्ध पदार्थ नावालाच. म्हणजे एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही. तेलकट, मऊ गरामुळे जीभ जड होते. मध्येच आंबट-गोड रसाचा थेंब फुटला की ती पुन्हा ताजी होते. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणूनच मिरची ॲव्होकॅडोत घातल्यावर मऊ होऊन लागते. तिखट लागल्यावर पाण्यापेक्षा दूध-दही का उपयोगी पडतं, हा सातवी-आठवीचा प्रश्न इथेच सुटतो.

माझं मत विचाराल तर पहिला नंबर डाळिंबाचा. दाणा कुरकुरीत, आंबट-गोड, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक दाण्याचा रस त्याच्या स्वतःच्या पिशवीत बंद असतो. तासभर कालवण ठेवलं तरी पाणी सुटत नाही. दुसरा नंबर द्राक्षांचा. पण ती थोडी आंबटसर हवीत, अगदी साखरेसारखी नकोत. स्ट्रॉबेरी तिसरी : चव उत्तम, पण कापली की लगेच ओलावते, त्यामुळे ती अगदी वाढताना वरून घालायची. तिच्यातलं क जीवनसत्त्व, १०० ग्रॅममध्ये जवळपास ६० मिलिग्रॅम, हा वरचा फायदा. कडक, अर्धकच्चा आंबा बारीक चिरून फार सुरेख लागतो. कैरीही चालते, मग लिंबू कमी करा.

केळं घालू नका, मऊत मऊ कालवून काही साधत नाही. कलिंगडाचं पाणी होतं. अननस ॲव्होकॅडोत चालतो, पण ॲव्होकॅडोऐवजी दही वापरणार असाल तर कच्चा अननस नको. त्यातलं विकर दुधातली प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळानं कडवट चव येते.

वर्गात करून बघायचे तीन प्रयोग

पहिला काळं पडण्याचा. ॲव्होकॅडो कापून ठेवला की काही वेळातच तपकिरी होतो. वांगं, बटाटा, सफरचंद, केळं यांचंही तेच. सुरीनं पेशी फाटतात, आतलं एक विकर आणि फेनॉल वर्गातली द्रव्यं एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. आपल्या आया चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकतात, ते यासाठीच : पाण्यामुळे हवा अडते. लिंबाच्या रसानं आम्लता वाढते आणि ते विकर मंदावतं, शिवाय लिंबातलं क जीवनसत्त्व बदललेल्या द्रव्यांना परत पहिल्यासारखं करतं.

चार वाट्या घ्या. एकीत नुसता गर, दुसरीत लिंबू घातलेला, तिसरीत गराच्या मधोमध बी ठेवलेली, चौथीत गराच्या पृष्ठभागाला चिकटेल असा प्लास्टिकचा कागद लावलेला. दर अर्ध्या तासानं मुलांनी रंग नोंदवायचा. 'बी ठेवली की ग्वाकामोले काळं पडत नाही' असं सर्रास सांगितलं जातं. मुलांना स्वतः दिसेल की बी जेवढी जागा झाकते तेवढीच हिरवी राहते, बाकी काळी पडते. बीमध्ये जादू नाही, झाकण्यात आहे. ऐकीव गोष्ट तपासून कशी बघायची याचं इतकं स्वस्त उदाहरण दुसरं मिळणार नाही. आणि ॲव्होकॅडो महाग वाटला तर बीचा भाग सोडून हाच प्रयोग वांग्याच्या किंवा सफरचंदाच्या फोडीवर करा. विज्ञान तेच आहे.

दुसरा प्रयोग पाणी सुटण्याचा. स्ट्रॉबेरी किंवा टोमॅटोच्या सारख्या वजनाच्या फोडी दोन गाळण्यांत घ्या, खाली वाट्या ठेवा, एका गाळण्यात अर्धा चमचा मीठ घाला. वीस मिनिटांनी खालचं पाणी मोजा. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ आयत्या वेळी का घालतात, हे घरी सगळ्यांना माहीत असतं, कारण विचारलं की मात्र सांगता येत नाही. बाहेर मीठ जास्त, म्हणून पेशीतलं पाणी बाहेर. हेच परासरण. याची उलटी बाजू दाखवायला सांगली जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण बेदाणा घरचा असतो. बेदाणे पाण्यात टाका, काही तासांत टम्म फुगतात. तेच फुगलेले बेदाणे साखरेच्या घट्ट पाकात टाका, पुन्हा सुरकुततात.

इथे एक सांगावंसं वाटतं. तासगावच्या भागात बेदाण्याच्या शेडवर वाढलेल्या मुलाला द्राक्ष कधी तोडायचं, द्रावणात कसं बुडवायचं, जाळीवर किती दिवस ठेवायचं हे सगळं माहीत असतं. परीक्षेत 'परासरण म्हणजे काय' याला त्याला शून्य मार्क पडतात. त्याच्या घरच्या ज्ञानाला आणि पुस्तकातल्या शब्दाला जोडणारा पूल आपणच बांधायचा आहे. दुसरं कोण बांधणार? अशा तासाला त्या मुलाला पुढे उभं करा आणि त्याला बोलू द्या. अवकाळी पावसानं मणी तडकले की घरी काय होतं, तेही तो सांगेल. ते ऐकून घ्या, घाई करू नका.

तिसरा प्रयोग पिकवण्याचा. ॲव्होकॅडो झाडावर मऊ होत नाही, तोडल्यावरच होतो. बाजारातून आणलेला कडक असेल तर तांदळाच्या डब्यात किंवा कागदात पिकलेल्या केळ्याबरोबर गुंडाळून ठेवा. केळ्यातून इथिलीन वायू निघतो, त्यानं तो लवकर पिकतो. आपण आंब्याची आढी लावतो त्यामागे हेच तत्त्व. एक केळ्यासोबत, एक नुसता असे दोन ठेवून कोणता आधी मऊ होतो ते बघा. आता मुलांना विचारा : द्राक्षांची आढी का लावत नाहीत? कारण द्राक्ष, डाळिंब, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पुढे पिकत नाहीत. आंबट तोडलं तर आंबटच राहणार. बागायतदार तोडणीच्या आधी गोडी मोजतो ती यासाठी.

ॲव्होकॅडो मिळत नसेल तर

हा खरा प्रश्न आहे. कोडगूकडचा ॲव्होकॅडो मुख्यतः पावसाळ्याच्या सुमारास येतो, आणि आपली द्राक्षं-स्ट्रॉबेरी हिवाळा ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मेळाव्याच्या वेळी शहरातल्या दुकानात दिसतो तो बहुतेक परदेशातून आलेला आणि महागडा. आंबे बहाराचं डाळिंब मात्र जुलै-ऑगस्टच्या सुमारास येतं, तेव्हा त्याची आणि देशी ॲव्होकॅडोची गाठ पडू शकते. म्हणून खऱ्या ग्वाकामोलेचा तास श्रावणात घ्या, असं मी सुचवेन.

जानेवारीत काय करायचं? ॲव्होकॅडो तिथे काय काम करतो ते आठवा : स्निग्ध, मऊ, सौम्य आधार. ते काम आपल्याकडे घट्ट दह्याचा चक्का करतो, ओलं खोबरं करतं, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट करतं. चक्क्यात थोडं कूट, मिरची, कोथिंबीर, मीठ आणि कापलेली द्राक्षं घाला. त्याला ग्वाकामोले म्हणू नका, द्राक्षाची कोशिंबीर म्हणा, आणि पाटीवर तसंच अभिमानानं लिहा. फक्त इंग्रजी नाव दिलं की स्टॉलवर गर्दी होते, हे मुलं आपल्याकडूनच शिकतात. वर्गात ऊसतोड मजुरांची मुलं असतील तर घरून वस्तू आणायला सांगू नका. वर्गणी न काढता शाळेच्या परसबागेतली कोथिंबीर-मिरची आणि गावातल्या बागेतले घडातून सुटलेले मणी एवढ्यात सगळं भागतं.

कृती

आठ-दहा मुलांना चव बघण्यापुरती : मध्यम आकाराचे पिकलेले २ ॲव्होकॅडो, अगदी बारीक चिरलेला कांदा २ टेबलस्पून, १ हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा मीठ, एका कागदी लिंबाचा रस, पाव वाटी द्राक्षं, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे.

मिरची, निम्मा कांदा, निम्मी कोथिंबीर आणि मीठ खलबत्त्यात रगडा. ॲव्होकॅडोचा गर चमच्यानं काढून त्यात भरडसर कालवा, काही गाठी राहू द्या. लिंबू पिळा. चव बघा, आणि मगच उरलेला कांदा-कोथिंबीर घाला. द्राक्षं उभी चार भागांत कापून हलक्या हातानं मिसळा. डाळिंब निम्मं आत, निम्मं वर. मेक्सिकोत हे मक्याच्या कुरकुरीत तुकड्यांबरोबर खातात. आपण ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे किंवा भाजलेला पापड घ्यायचा. मला विचाराल तर भाकरीबरोबरच जास्त चांगलं लागतं. लिंबू आणि फळांतल्या क जीवनसत्त्वामुळे भाकरीतलं लोहही अंगी जास्त लागतं.

काही काळजीच्या गोष्टी

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नका, घशात अडकण्याचा धोका असतो. आडवं नाही, उभं कापायचं. अंगणवाडीतल्या ताई आणि घरातली आजी-आजोबा, दोघांनाही हे सांगा. द्राक्षांचे घड मोडून मणी सुटे करा आणि वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. बागेतून थेट आणलेले असतील तर शेवटची फवारणी कधी झाली ते बागायतदाराला विचारूनच घ्या. ॲव्होकॅडोची बी निसटती असते, ती काढायला मुलांच्या हातात सुरी देऊ नका, चमच्यानं निघते. रबराची ॲलर्जी असणाऱ्या काहींना ॲव्होकॅडोचीही असते, तेव्हा पालकांना आधी विचारा.

आणि आपल्या गावांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : ॲव्होकॅडोची साल, बी आणि पानं शेळ्या, गाई-म्हशी, कोंबड्यांना घालू नका. त्यात पर्सिन नावाचं द्रव्य असतं. ते माणसाला बाधत नाही, पण जनावरांना आणि पक्ष्यांना विषारी ठरतं. भाजीचे देठ, फळांच्या साली गोठ्यात टाकायची आपल्याला सवय, म्हणून मुलांना हे दोनदा सांगा. साली खड्ड्यात पुरा. बी मात्र ठेवा. तिला तीन काड्या टोचून, बुड पाण्यात राहील अशी काचेच्या ग्लासावर धरा आणि वर्गाच्या खिडकीत ठेवा. मुळं फुटायला महिना-दीड महिना लागतो, तोवर दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायच्या पाळ्या लावून घ्या.